कानांनी पाहावयाचे नाटक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने के. आर. पुरम येथे योजिलेल्या विज्ञान-श्रुतिकेच्या रंगमंचीय प्रयोगापूर्वी केलेले भाषण)



थोड्याच वेळात पडदा उघडेल, तेव्हा नेपथ्य म्हणून आपणांस जवळजवळ काहीच दिसणार नाही. तीन-चार माइक, हातांत संहिता घेतलेले कलावंत आणि एका टेबलावर नारळाच्या करवंट्या, पत्र्याचा तुकडा, चुरगाळावयाचा कागद असा किरकोळ संसार. एवढ्या सामग्रीवर आपणांस पृथ्वीबाहेर जावयाचे आहे!

श्रुतिका ही ऐकण्याची वस्तू. मग ती पाहण्यासाठी घर सोडून का यावे, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु पत्रा हलताना डोळ्यांना दिसतो आणि कानांना मात्र मेघगर्जनाच ऐकू येते, हा अनुभव घरी मिळत नाही. विज्ञानकथेला तर हा प्रकार फारच मानवतो. अवकाशयान उभारण्यास सुतार लागत नाही. श्रोत्याचे मन ते स्वतःच बांधते. आणि निर्वात पोकळीत ध्वनी प्रवास करीत नाही, म्हणून तेथील सर्वांत मोठा ध्वनिपरिणाम म्हणजे शांतता. ती शंभर माणसांनी श्वास रोखून एकत्र ऐकावी लागते.

३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या स्वारीवरील कादंबरीचे नभोनाट्य सादर केले. नृत्यसंगीत चालू असताना मध्येच बातमी यावी, अशी त्याची रचना होती. काही श्रोते खरोखर घाबरले. देशभर हाहाकार उडाल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले, ते मात्र फुगवलेले होते, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. इंग्लंडमध्ये डग्लस ॲडम्स यांची गाजलेली विनोदी विज्ञानमालिका १९७८ साली बीबीसीवर सुरू झाली. २०१२ साली तिच्या मूळ कलावंतांपैकी अनेकांनी ती गावोगावच्या रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर ध्वनिपरिणाम करीत, सादर केली.

आपली मराठीही या क्षेत्रात परकी नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवणारी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली होती. लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. २०२५ साली ते आपल्यातून गेले. पण विश्वाच्या उत्पत्तीविषयी मराठीत, सहज आणि न अडखळता बोलता येते, हा विश्वास ते आपल्या पदरी टाकून गेले.

आपण जेथे जमलो आहोत, त्या भूमीचेही कानाशी जुने नाते आहे. म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी नभोवाणी केंद्र चालू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे साऱ्या देशाने ते नाव आपलेसे केले. येथून जवळच, १९४८ साली स्थापन झालेल्या टेलिफोन कारखान्याभोवती वसलेल्या वसाहतीला ‘दूरवाणीनगर’ म्हणतात. कन्नडमध्ये दूरवाणी म्हणजे टेलिफोन. दुरून येणारा आवाज! गावापासून लांब आलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी बहुतेक अशीच पोहोचते: रविवारी आजीच्या फोनवरून.

आपल्या मुलांपैकी पुष्कळांना मराठी समजते, बोलताही येते. वाचता मात्र येत नाही. त्यांची मराठी कानांत आहे. त्या कानांवर आपण काय घालतो? आरत्या, सणांची बोलणी, ‘जेवलास का’ आणि ‘अभ्यास कर’. हे सारे हवेच. पण यंत्रमानव, ग्रहतारे, उद्याचे जग यांविषयी बोलण्याची वेळ आली की, आपण स्वतःच इंग्रजीकडे वळतो. मग मराठी ही मागे राहिलेल्यांची भाषा आहे, असे मुलांना वाटल्यास दोष कोणाचा? आजच्या प्रयोगात उद्याची माणसे मराठीत भांडतील, भितील, हसतील. हाच या प्रयोगाचा खरा हेतू.

म्हणून एक विनंती. मुलांना पुढे बसवा. एखादा शब्द अडला, तर लगेच कानाशी लागून इंग्रजीत उलगडू नका. कथेच्या ओघात तो त्यांचा त्यांना सापडू द्या. आणि घरी परतताना, उड्डाणपुलावर गाडी खोळंबेल तेव्हा, त्यांना एवढेच विचारा: ‘ते यान तुला कसे दिसले?’ उत्तर मराठीत येईल, अशी मला आशा आहे.

रंगमंच कलावंतांच्या स्वाधीन करतो.