चकलीचा भाव

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



मला भाषण येत नाही, चकली येते. म्हणून आपल्या दिवाळी फराळाच्या स्टॉलबद्दलच चार शब्द बोलते.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला. नोकरीधंद्यानिमित्त कोणी रिसोडहून, कोणी कारंज्याहून, कोणी मानोऱ्याहून इथं आलो, घरं बांधली. पण आपल्यापैकी बहुतेकांची नाळ शेतीशीच. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ६ जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वाशिमही होता. अशा घरांतल्या मुलींचं एक वसतिगृह आपल्या गावात चालतं. त्यांच्या वह्या, परीक्षेची फी, चष्मे यांसाठी आपण स्टॉल सुरू केला.

पहिल्या वर्षी चिवडा, चकली, करंज्या, शंकरपाळे, सगळं दोन संध्याकाळींत संपलं. आम्ही खूश! मग किराणा दुकानदाराचं बिल आलं. तेल, डाळं, शेंगदाणे, साखर, सगळं वजा केलं. सिलिंडर आणि पिशव्या तर धरल्याच नव्हत्या. हाती जे उरलं ते सांगायचीही लाज वाटली. बाजारात काय भाव चाललाय तो ऐकून आम्ही भाव लावला होता, आपल्याला काय पडलं ते मोजलंच नव्हतं. गल्ल्यात आलेला पैसा म्हणजे देणगी नव्हे, हे तेव्हा कळलं. आता आधी एका किलोचा घाणा करून पाहतो, गॅससकट खर्च लिहितो, मगच भाव ठरवतो. तेल नवरात्रातच भरतो, कारण दिवाळी तोंडावर आली की ते चढतंच.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची. स्टॉलवर आम्ही मोठी पाटी लावली होती, ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील मुलींच्या मदतीसाठी’. वसतिगृहातल्या दोन मुली मदतीला आल्या होत्या. त्यातली एक सारखी पाटीसमोर उभी राहायची. मी म्हटलं, “अगं, बाजूला हो, लोकांना वाचू दे.” ती हळूच म्हणाली, “काकू, पाटीवर चकलीचा भाव लिवा ना.”

मला एकदम काही बोलता आलं नाही. पाटी काढली. मागच्या बाजूला खडूनं भाव लिहिला. तेव्हापासून तीच पाटी आहे, खाली बारीक अक्षरात ‘वसतिगृहाच्या शैक्षणिक खर्चासाठी’ एवढंच.

मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात शेजारणींनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोच आजचा लिज्जत पापड. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख यांचं सांगणं होतं की तोटा झाला तरी चालेल, पण देणगी मागायची नाही. तो त्यांच्या पोटाचा धंदा, आपलं काम मदतीचं, दोन्ही वेगळं. पण शिकण्यासारखं एकच: माल चांगला म्हणून घ्यावा, कीव येते म्हणून नव्हे. अमेरिकेत मस्कोगी नावाच्या गावात १९१७ साली गर्ल स्काउटच्या मुलींनी स्वतः बिस्किटं विकून आपल्या उपक्रमांसाठी पैसे उभे केले. आपणही पुढच्या वर्षापासून गल्ला मुलींकडेच दिला. भाव सांगणं, वजन करणं, सुटे परत देणं, रात्री हिशेब जुळवणं, सगळं त्या करतात. पाच रुपये कमी भरले तर आम्हाला झोपू देत नाहीत!

काही सभासदांनी विचारलं होतं, हा पैसा जातो कुठं? विचारलं ते बरं केलं. स्टॉलची वही वेगळी आहे, सोसायटीच्या खात्यात त्यातला रुपया जात नाही. किराण्याची बिलं आणि संस्थेची पावती आठ दिवसांत नोटीस बोर्डावर लागते. कोणी दोन किलो बेसन दिलं तरी ते वहीत चढतं.

आमच्या दुधवाल्या भाऊंचं मात्र वेगळं. ते दरवर्षी म्हणतात, “वहिनी, मले दोन किलो ठेवजा, पण औंदा तिखट बरोबर टाका.” यापेक्षा मोठी शाबासकी आम्हाला नको.

आता आमचे गुडघे बोलायला लागलेत. नव्या सुनांनी, आणि हो, मुलांनीही, सोऱ्या हातात घ्यावा. भाजणी मी शिकवीन. आणि येत्या दिवाळीत सगळ्यांनी स्टॉलवर या, चव घ्या, आवडलं तरच घ्या. पिशवी मात्र घरून आणा, तेवढाच आमचा खर्च वाचतो.