दोन टोकांची वजाबाकी

बारावीला गणित घेतलेल्या प्रत्येकाला अवकलन आणि समाकलन, म्हणजे वर्गातले डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन, आठवत असेल. वक्ररेषेला एखाद्या बिंदूपाशी किती चढ आहे ते पहिल्याने कळते, तिच्याखाली किती क्षेत्रफळ आहे ते दुसऱ्याने. एक प्रश्न एका बिंदूपुरता, दुसरा सगळ्या विस्ताराचा. चित्राकडे कितीही वेळ पाहिले तरी या दोघांचे काही नाते असेल, असे मनात येत नाही. तरी या क्रिया एकमेकींच्या उलट आहेत. आपल्याकडे मात्र समाकलन म्हणजे ‘अवकलनाची उलट क्रिया’ अशी व्याख्याच आधी देतात, मग सूत्रे पाठ करून घेतात आणि क्षेत्रफळ सर्वांत शेवटी येते. गणितातला एक फार मोठा शोध अशा रीतीने मुलांच्या नजरेआड होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तो शोध कसा उगवला हे पाहायचे तर 1672 सालच्या पॅरिसला जाऊ. राजनैतिक कामासाठी तिथे आलेला 26 वर्षांचा लायब्निझ गणितज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सला भेटला. हायगेन्सने त्याला एक बेरीज घातली: 1 + 1/3 + 1/6 + 1/10, आणि असेच पुढे, न संपणारे. छेदात 1, 3, 6, 10 या त्रिकोणी संख्या. लायब्निझने बेरीज करायला घेतलीच नाही. प्रत्येक पद त्याने वजाबाकी म्हणून लिहिले. 1 म्हणजे 2 वजा 1. 1/3 म्हणजे 1 वजा 2/3. 1/6 म्हणजे 2/3 वजा 1/2. आता ओळीने मांडा: जे वजा होते तेच पुढच्या पदात अधिक होऊन येते. मधले सगळे कटते, शेवटचा तुकडा शून्याकडे जातो आणि उत्तर उरते 2.

फरकांची बेरीज म्हणजे दोन टोकांची वजाबाकी. एवढेच सूत्र आहे, आणि तुमच्या विजेच्या बिलावर ते दर महिन्याला छापून येते. पंखा, मिक्सर, गिझर यांनी क्षणाक्षणाला किती वीज ओढली याचा हिशेब कुणी मांडत बसत नाही. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले की महिन्याची सगळी बेरीज हाती येते.

आता वक्ररेषेकडे वळू. डावीकडच्या ठरावीक बिंदूपासून क्षपर्यंतचे क्षेत्रफळ मोजत चाललो आहोत असे समजा. क्ष किंचित पुढे सरकवला की क्षेत्रफळात एक बारीक उभी पट्टी वाढते. तिची उंची म्हणजे तिथली वक्ररेषेची उंची. वरच्या कोपऱ्यात थोडी चूक राहते, पण पट्टी अरुंद होत जाते तशी रुंदीच्या मानाने ती चूक नाहीशी होते. म्हणजे क्षेत्रफळ ज्या दराने वाढते तो दर हीच वक्ररेषेची उंची. तेव्हा जिचा दर ही उंची आहे अशी कोणतीही राशी शोधा, दोन टोकांना तिच्या किमती काढा आणि वजा करा. झाले क्षेत्रफळ!

याची किंमत आर्किमिडीजला विचारावी. अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, सरळ रेषेने कापला की मिळणारा तुकडा आतल्या त्रिकोणाच्या 4/3 पट असतो, हे त्याने त्रिकोणांत त्रिकोण बसवत, 1 + 1/4 + 1/16 अशी बेरीज करत सिद्ध केले. अतिशय देखणी सिद्धता, पण ती त्या एका आकृतीपुरती. आज विद्यार्थी क्षवर्गाचे समाकलन क्षघन भागिले 3 असे लिहितो. उणे 1 ते 1 या टप्प्यात वक्ररेषेखाली 2/3 येतात. वक्ररेषेला वेढणाऱ्या 2 क्षेत्रफळाच्या आयतातून ते वजा केले की उरतात 4/3, आणि आतल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ 1. दोन ओळींचे काम.

दोन्ही क्रियांची बीजे आपल्याकडेही होती. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची तात्कालिक गती आहे, आणि गोलाचे पृष्ठफळ तुकडे करून बेरजेने काढलेले आहे. मात्र कोणत्याही वक्ररेषेला लागू पडेल असे या दोघींना जोडणारे विधान तिथे नाही, आणि आपला अभिमान त्याहून पुढे ताणू नये. ते विधान भूमितीच्या भाषेत आयझॅक बॅरोच्या 1670 च्या व्याख्यानांत आहे. त्याचे सर्वत्र चालणारे हत्यार केले न्यूटनने आणि लायब्निझने, स्वतंत्रपणे.

कोशीने 1823 मध्ये अखंड फलांसाठी, म्हणजे कुठेही न तुटणाऱ्या वक्ररेषांसाठी, ते विधान काटेकोरपणे सिद्ध केले, तेव्हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. पण 1881 मध्ये व्होल्टेराने एक विलक्षण फल रचले. त्याला प्रत्येक बिंदूशी चढ आहे, तो चढ मर्यादेतही राहतो, पण इतका खवळलेला की रीमानच्या, म्हणजे आडव्या अक्षाचे तुकडे पाडून उभ्या पट्ट्या जोडण्याच्या, रीतीने त्याची बेरीजच होत नाही. वजाबाकी समोर तयार, बेरीज मात्र अस्तित्वातच नाही. बेरजेचीच व्याख्या बदलावी लागणार होती. लेबेगने 1902 च्या आपल्या प्रबंधात आडव्या अक्षाऐवजी उंचीचे तुकडे पाडून ती नव्याने बांधली, आणि व्होल्टेराच्या फलालाही दोन टोकांची वजाबाकी पुन्हा लागू झाली.