दाबलं कुल्ल्यावर, दुखलं पोटरीत

मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक ताई सतरंजीवर बसल्याच नाहीत. दाराशी उभ्या राहूनच त्यांनी एमआरआयसाठी कर्ज मागितलं. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायची. शीर दबली असेल, असं सगळे म्हणत होते. आम्हीही तेच म्हटलं.

पैसे देण्याआधी आम्ही त्यांना तालुक्याला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. बाईंनी आधी पायाची ताकद बघितली, कुठं बधिर आहे का ते बघितलं. मग कुशीवर झोपवून कमरेच्या हाडाखाली, खुब्याच्या जरा वर अंगठा दाबला. ताई ओरडल्याच, "हीच ती कळ!"

अशा जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूतला एक पट्टा आखडून राहतो. हाताला गाठीसारखं लागतं, पण ती खरी गाठ नव्हे. गंमत अशी की दुखणं भलतीकडेच उमटतं. म्हणून तर ताई महिनाभर पोटरीलाच तेल चोळत होत्या.

एका पायावर उभं राहिलं तरी कंबर कलू नये, हे या स्नायूचं काम. आता आपली कामं बघा. लेकरू कायम डाव्याच कडेवर, घागरही तिथंच. खुरपायला बसलो की तासभर एकाच पायावर भार. सासूबाई म्हणतील, आम्ही नाही का केलं? केलं, आणि दुखणंही अंगावरच काढलं.

तेव्हा लेकराची कड बदलत राहा. एका घागरीऐवजी दोन हातांत दोन लहान कळशा घ्या. खुरपताना ओळ संपली की उठून चार पावलं चाला. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवा. दुखऱ्या जागी शेक द्या. मुलांचा रबरी चेंडू भिंत आणि कुल्ला यांच्यामध्ये धरून अर्धा मिनिट, सोसेल इतकंच दाबा. हाडावर नको, मणक्यावर तर नकोच. झिणझिण्या आल्या तर थांबा.

प्रत्येक कळ अशीच असते असं नाही, बरं का. पायातलं बळ गेलं, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, ताप आला किंवा पडल्यावर दुखायला लागलं, तर चेंडू ठेवून द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. या बैठकीला त्या मांडी घालून नाही, पण पाय पसरून बसल्या. चेंडूवरून मात्र घरी नातवाशी रोज भांडण चालू आहे.