पाठांतरापासून रुग्णापर्यंत
(सुवर्ण महोत्सवानिमित्त खारबाव येथे झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील व्याख्यानाचा संपादित भाग)



आज ज्यांचा सत्कार झाला त्यांपैकी काही जण एमबीबीएस, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांकडे निघाले आहेत. मला विशेषतः त्यांच्या पालकांशी बोलावयाचे आहे. बारावीपर्यंत अव्वल असलेले मूल पहिल्या वर्षी मागे पडले की घरात चिंता सुरू होते; ‘वसतिगृहात गेला आणि बिघडला’ असा निकालही परस्पर लागतो. बहुधा तसे नसते. त्याची अभ्यासाची रीत बदलत असते, आणि तो बदल सरळ रेषेत होत नाही.

स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी विद्यार्थ्यांना उतारा वाचावयास देऊन ते कसे वाचतात याचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी विचारले जाईल तेवढे ध्यानात ठेवण्यासाठी वाचत होता, तर कोणी लेखकाला काय सांगावयाचे आहे ते शोधत होता. पहिला वरवरचा, दुसरा सखोल अभ्यास. पुढे गुणांवर नजर ठेवून श्रम बेतणारा धोरणी अभ्यास हा तिसरा प्रकारही अभ्यासकांनी मानला. स्वाध्यायाच्या अंगांत परिवर्तना आणि अनुप्रेक्षा वेगळ्या मानणाऱ्या आपल्या समाजाला उजळणी आणि चिंतन यांतील हा भेद नवा वाटू नये.

नीटच्या 720 गुणांसाठी मूल पक्के धोरणी होऊन येते. मग शरीररचनाशास्त्रातील शेकडो नावे समोर उभी राहतात आणि ते घोकंपट्टीला लागते. पाठांतराला मी कमी लेखत नाही. नसेचे नाव ठाऊक नसलेला शल्यविशारद आपल्याला नकोच. परंतु नुसते पाठांतर कोठे अडते ते पाहा. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. त्यात छातीत जखडल्यासारखे होते, आणि ‘सोमवारी त्रास अधिक’ असे पुस्तकात असते. विद्यार्थी ‘सोमवार’ पाठ करतो. त्याचे कारण असे, की सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी धूळ पुन्हा बाधते. ज्या कारखान्याची सुटी शुक्रवारी असेल तेथे त्रासाचा वार शनिवार ठरेल! ‘सोमवारी त्रास होतो का?’ एवढेच विचारणाऱ्याला ‘नाही’ असे उत्तर मिळेल आणि निदान हुकेल. कामगारांच्या भिवंडी तालुक्यात राहणाऱ्या आपल्याला हा फरक किती मोलाचा, हे सांगावयास नको.

रुग्णालयात पाऊल पडले की पुष्कळांचा अभ्यास अर्थाकडे वळतो. सर्वांचाच वळतो असे मात्र नाही. वर्षे सरतात तशी सखोल वृत्ती वाढते की घटते, याविषयी ठिकठिकाणच्या पाहण्यांची उत्तरे सारखी नाहीत. शिकवण्याच्या पद्धतीचा संबंध मात्र दिसतो. ऑस्ट्रेलियात न्यूबल आणि क्लार्क यांनी 1986 मध्ये दोन वैद्यकीय महाविद्यालयांची तुलना प्रसिद्ध केली. रुग्णाच्या समस्येपासून शिकवणाऱ्या न्यूकॅसलचे विद्यार्थी पारंपरिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक सखोल अभ्यास करणारे आढळले.

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सेवाग्राम येथे सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्याच वर्षी विद्यार्थी खेड्यात शिबिरासाठी राहतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात. ज्या माउलीच्या घरी आपण चहा घेतला तिचा रक्तक्षय हा मग केवळ परीक्षेतील प्रश्न राहत नाही. अशीच कुटुंब दत्तक योजना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणली. ती कागदावर न राहो, एवढीच इच्छा.

खरी चिंता शेवटच्या टप्प्याची आहे. आंतरवासितेचे वर्ष रुग्णाच्या उशाशी उभे राहून शिकण्याचे. पण पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा पुन्हा पर्यायी प्रश्नांचीच. त्यामुळे कित्येक जण वॉर्डातून पाय काढून प्रश्नसंचांत डोके घालतात. चार वर्षांत आलेली समज तेथे पुन्हा धोरणी होते. यात आम्हा वडीलधाऱ्यांच्या घाईचाही भार असतो. ‘एमडी कधी?’ हा प्रश्न लग्नकार्यात किती वेळा विचारला जातो ते आठवून पाहा.

येत्या दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील. गुण विचारण्याऐवजी, आजीची मधुमेहाची गोळी कशी काम करते ते आजीलाच घरच्या भाषेत समजावून सांगावयास सांगा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पुस्तकातील वाक्य म्हणेल. तिसऱ्या वर्षाचा आधी गोळ्यांचे पाकीट मागेल, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास साखर धोकादायक उतरते. आणि जो रुग्णांजवळ मन लावून शिकला असेल, तो पाकिटाआधी आजीकडे पाहून विचारेल, “आजी, आज तुझा उपवास तर नाही ना?”