डॉ. रखमाबाईंची दुसरी वाट

घटस्फोटानंतर परमुलखात नोकरी करून आयुष्याची नवी घडी बसवू पाहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या लेकींनी डॉ. रखमाबाईंचे स्मरण अवश्य करावे. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या या मुंबईच्या कन्येवर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये फिर्याद गुदरली. ‘नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कैद भोगा’ असा हुकूम १८८७ मध्ये झाला, तेव्हा त्यांनी कैदच पत्करण्याचा निर्धार केला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या, पुढच्याच वर्षी लंडनला वैद्यक शिकावयास गेल्या, आणि १८९५ पासून सुरत व राजकोट येथील स्त्रीरुग्णांच्या सेवेत त्यांनी हयात वेचली. संसार मोडला, तरी जीवनाचे प्रयोजन मोडत नाही. ते विद्येने आणि सेवेने पुन्हा घडविता येते.