काळीज आणि काळजी

नंदुरबार शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनीं हिवाळ्यांत पाहिल्या असतील, त्यांना तें लाल रंगाचें विस्तीर्ण अंगण सहसा विसरतां येत नाहीं. ओली मिरची उन्हांत पसरलेली असते आणि मालकाचें लक्ष मिरचीपेक्षां आकाशाकडे अधिक असतें. अशा वेळीं अवकाळी पावसाचे ढग वर आले, कीं त्या माणसाच्या छातींत धडधड सुरू होते, घसा कोरडा पडतो, तळहातांना घाम फुटतो. पावसाचा एक थेंबहि अजून पडलेला नसतो. ज्या शंकेला वजन नाहीं कीं आकार नाहीं, ती मुठीएवढ्या मांसल अवयवाची चाल कशी बदलते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या भाषेनें हें नातें फार पूर्वीं ओळखलें आहे. वाईट बातमीनें काळजांत धस्स होतें, भीतीनें काळजाचें पाणी होतें, वाट पाहतां पाहतां जीव टांगणीला लागतो. शारीरशास्त्राच्या दृष्टीनें काळीज म्हणजे यकृत. पण बोलणाऱ्याचा हात जातो तो छातीकडेच. दशरथ शस्त्रानें मेला नाहीं, पुत्रशोकानें मेला, ही गोष्ट कोणाहि श्रोत्याला कधीं अशक्य वाटलेली नाहीं. चरकसंहितेंत वातज हृद्रोगाचीं कारणें सांगतांना उपवास आणि अतिश्रम यांच्याहि आधीं शोकाचा उल्लेख आहे. आणि ज्याला हृदय जपावयाचें असेल त्यानें मनाला दुःख देणारीं कारणें विशेषेंकरून टाळावींत, असा उपदेशहि तेथें आहे. लंडनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर याला हृच्छूळाची व्यथा होती. आपल्याला चिडवूं पाहणाऱ्या कोणाहि माणसाच्या हातीं आपले प्राण आहेत, असें तो म्हणत असे. १७९३ सालीं रुग्णालयाच्या सभेंत वाद झाला, आणि सभेंतून बाहेर पडतांच तो कोसळून मरण पावला.

ह्या नात्याची कारणमीमांसा आतां बरीच स्पष्ट झाली आहे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यानें १९१५ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, संकट समोर दिसतांच शरीर झुंजण्याची किंवा पळण्याची सिद्धता करितें. मेंदूकडून आज्ञा सुटते, मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी अॅड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते. सातपुड्याच्या रानांत बिबट्या समोर आला तर हीच सिद्धता जीव वांचविते. जखम झालीच तर रक्त लवकर थांबावें, अशी त्यांत योजना आहे. परंतु सावकाराचें देणें, मुलीच्या लग्नाची विवंचना, कोर्टाची तारीख हे बिबटे धांवून चुकवितां येत नाहींत, आणि ते एका उडींत निघूनहि जात नाहींत. झुंज होत नाहीं, सिद्धता मात्र महिनोगणती चालूं राहते. आणि तिचा खर्च हृदयाला व रक्तवाहिन्यांना सोसावा लागतो.

मनाचा हा आघात हृदयावर तीन प्रकारांनीं होतो.

पहिला प्रकार आधींच रोगट असलेल्या हृदयाचा. १७ जानेवारी १९९४ रोजीं पहाटे अमेरिकेंतील लॉस एंजेलीस परिसरांत भूकंप झाला. त्यापूर्वींच्या आठवड्यांत तेथें हृदयविकारानें अकस्मात् मरणाऱ्यांची सरासरी दिवसाला चार-पांच होती. भूकंपाच्या दिवशीं ती संख्या २४ वर गेली. त्यांतील बहुतेकांनीं विशेष शारीरिक श्रम केलेले नव्हते. पुढच्या दिवसांत हीच संख्या नेहमींपेक्षां खालीं उतरली. याचा अर्थ असा कीं, ज्यांच्या रक्तवाहिन्या आधींच अरुंद झाल्या होत्या, त्यांना भीतीनें शेवटचा धक्का दिला. भीति ही तेथें ठिणगी होती. दारू पूर्वींच सांठलेली होती.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. १९९० सालीं जपानी वैद्यांनीं एका विकाराचें वर्णन केलें. रोग्याला, आणि बहुधा ती पन्नाशी ओलांडलेली स्त्रीच असते, एखाद्या दुःखानंतर किंवा धसक्यानंतर छातींत तीव्र वेदना होते. हृदयाचा आलेख आणि रक्ताची परीक्षा, दोन्ही हृदयविकाराच्या झटक्यासारखीं दिसतात. परंतु रक्तवाहिन्या तपासाव्या तर त्यांत वेदनेचा उलगडा होईल असा अडथळा सांपडत नाहीं. हृदयाचें टोंक मात्र लुळें पडून फुग्यासारखें फुगलेलें असतें आणि मुखाकडचा भाग आंवळलेला असतो. जपानी कोळी अष्टपाद प्राणी पकडण्यासाठीं अरुंद तोंडाचें मडकें वापरतात. त्या मडक्यासारखा हा आकार, म्हणून विकाराला मडक्याचेंच ताकोत्सुबो हें नांव मिळालें. २००४ च्या ऑक्टोबरांत जपानच्या नीगाता प्रांतांत भूकंप झाला, तेव्हां असे रोगी एकदम वाढले. बहुतेकांचें हृदय कांहीं आठवड्यांत पूर्ववत् होतें. परंतु आरंभीचे दिवस धोक्याचे असतात आणि कांहीं रोगी दगावतातहि. म्हणून याला नुसता मनाचा खेळ म्हणणें हा अज्ञानाचा भाग झाला.

तिसरा प्रकार सर्वांत व्यापक आणि सर्वांत मुका. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट नांवाच्या ५२ देशांतील पाहणींत हृदयविकाराच्या झटक्याचीं नऊ प्रमुख कारणें ठरलीं. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्या पंगतीस मानसिक व सामाजिक ताणाला तेथें स्थान मिळालें. दीर्घ काळ खिन्न असलेला मनुष्य नीट झोंपत नाहीं, चालत नाहीं, औषध वेळेवर घेत नाहीं, तंबाखू मात्र वाढवितो. शिवाय झटका येऊन गेलेल्यांपैकीं सुमारें पांचांत एकाला खऱ्या अर्थानें विषण्णतेचा आजार जडतो. हृदय मनाला पाडतें आणि मन हृदयाला, असें हें दुष्टचक्र आहे.

येथें सुशिक्षित घरांतील एक समजूत दूर केली पाहिजे. ताण हा जबाबदारीच्या खुर्चीचा, बुद्धिजीवींचा रोग, असें आपण मानतों. लंडनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ पासूनच्या पाहणींत उलट दिसलें: सर्वांत खालच्या श्रेणींतल्यांत हृद्रोगानें मरण्याचें प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारें तिप्पट होतें, आणि धूम्रपानादि कारणें वजा करूनहि अंतर पुरतें मिटलें नाहीं. कामाचा भार असून त्या कामावर सत्ता नसणें, हें अधिक जाचक. आतां आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें येथील दर दहांतील सात माणसें आदिवासी. सरदार सरोवरामुळें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं, तीं ह्याच सातपुड्याच्या कुशींतलीं. त्यांतील पुष्कळांना नर्मदाकांठ सोडून तळोदें-शहाद्याकडील वसाहतींत नवा संसार मांडावा लागला. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजराथेंत जातात. ज्याच्या मुक्कामाचा निर्णय दुसराच करतो, त्याच्या छातीवरचें ओझें आपण टेन्शन ह्या शब्दानें मोजीत नाहीं, एवढाच फरक.

आतां घरांतला प्रसंग घ्या. प्रौढ गृहिणी दुपारीं म्हणते, छाती भरून आल्यासारखी वाटते, पाठींत कळ येते, दम लागतो. घरांतले म्हणतात, ‘आई, तूं फार विचार करतेस; जरा पड.’ ह्या प्रेमळ वाक्यानें तास निघून जातो. स्त्रियांच्या हृदयविकारांत मळमळ, थकवा, जबड्याची किंवा पाठीची वेदना अशीं चोरटीं लक्षणें पुष्कळदां असतात, आणि मनावर ढकलण्यास तीं सोयीचीं पडतात. धडगांवकडच्या पाड्यांत हाच वेळ बडव्याकडे जातो, आणि पावसाळ्यांत चांदसैली घाटांत दरड कोसळली तर जातांहि येत नाहीं. म्हणून नियम एकच: छातींतील नवी वेदना ही तपासणी होईपर्यंत हृदयाचीच मानावी, कारण शोकाचें असो वा नसो, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

याच्या उलट चूकहि तितकीच घडते. हृदय निर्दोष आहे, आलेख स्वच्छ आहे, तरीहि धडधड होते आणि आतां प्राण जाणार असें वाटतें. अशा मनुष्याला ‘तुला कांहीं झालेलें नाहीं’ असें सांगून परत धाडलें जातें, आणि तो दुसऱ्या डॉक्टरकडे दुसरा आलेख काढावयास जातो. त्याला कांहीं तरी झालेलें आहे. तें मनाला झालेलें आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

उपचारांविषयीं अतिशयोक्ति नको. २००३ सालच्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत झटक्यानंतर विषण्णतेवर उपचार केल्यानें मन सुधारलें, पण मृत्यूंचें प्रमाण घटलें नाहीं. भारतांत सुमारें ४,००० हृद्रोग्यांवर योगाभ्यासाचा प्रयोग झाला. २०२० सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढील झटके व मृत्यु यांत खात्रीलायक घट दिसली नाहीं, परंतु रोग्यांना अधिक बरें वाटूं लागलें आणि ते पूर्वींच्या कामांना अधिक लागले. तेव्हां प्राणायामानें रक्तदाबाची गोळी सुटते असें कोणी सांगितल्यास ऐकूं नये. आणि गोळी चालूं आहे म्हणून मनाची चौकशी नको, असेंहि समजूं नये. दोन्ही चालूं ठेवावीं.

ती चौकशी घरींच सुरू होते. झटक्यानंतर परतलेल्या माणसाला आपण पथ्य विचारतों, औषध विचारतों; झोंप लागते का, भीति वाटते का, कशांत जीव रमतो का, हें विचारीत नाहीं. दोन आठवडे उत्तर ‘नाहीं रमत’ असेंच येत असेल, तर डॉक्टरांना तें सांगावें. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या टेली-मानस ह्या शासकीय सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींत, विनामूल्य बोलतां येतें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

पथारीवर ढग येणें न येणें कोणाच्या हातीं नसतें. ते आले म्हणजे ताडपत्रीचें दुसरें टोंक धरावयास कोणी तरी धांवून यावें, एवढें मात्र शेजाऱ्यांच्या हातीं असतें.