पुण्याची नेहा आणि आपली रोजकीर्द



खोडदच्या दुर्बिणी आपल्याला नव्या नाहीत. जीएमआरटीच्या ३० तबकड्या. काही एका आवारात, काही शेताशिवारात लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. पण प्रत्येकीनं टिपलेलं सगळं केबलमधून एकाच इमारतीत येतं. ते एकत्र झालं, की मगच शास्त्रज्ञांना आकाशातलं नीट कळतं.

ठिकठिकाणची माहिती अशी एकत्र आणायची, तीही लगोलग, याच कामातून पुण्याच्या एका मुलीनं अमेरिकेत कंपनी उभी केली. तिचं नाव नेहा नारखेडे.

नेहा आठ वर्षांची असताना आईवडिलांनी तिला संगणक घेऊन दिला. घरात तिला इंदिरा गांधी, किरण बेदी यांच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. पुण्याच्या पीआयसीटी कॉलेजात ती इंजिनिअर झाली आणि २००६ साली पुढं शिकायला अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठात गेली. मग नोकरी, आधी ओरॅकलमध्ये, नंतर लिंक्डइनमध्ये.

लिंक्डइनवर लाखो लोक एकाच वेळी काही ना काही करत असतात. कुणी नोकरी शोधतं, कुणी निरोप पाठवतं. ही सगळी माहिती कंपनीच्या वेगवेगळ्या विभागांना लगेच हवी असायची आणि तिथंच गाडं अडायचं. नेहा, जे क्रेप्स आणि जुन राव या तिघांनी त्यावर तोड काढली. तिचं नाव काफ्का.

काफ्का म्हणजे काय? आपल्या गटाची रोजकीर्दच म्हणा ना! जे घडलं ते घडेल तसं, एकाखाली एक लिहायचं. मागचं खोडायचं नाही. मग अध्यक्षांनी वाचावं, सचिवांनी वाचावं, बँकेनं वाचावं. ज्यानं त्यानं आपापल्या सवडीनं, आपली खूण ठेवून. फरक एवढाच, की या वहीत क्षणाला लाखो नोंदी होतात.

२०११ साली काफ्का सगळ्यांना फुकट खुलं झालं. मग कमाई कशातून? शिलाई मशीन मिळालं म्हणून ब्लाउज आपोआप शिवून होत नाही. मोठमोठ्या कंपन्यांना काफ्का रात्रंदिवस बिनचूक चालवून देणारं कुणीतरी हवं होतं. हे ओळखून २०१४ साली तिघांनी नोकरी सोडली आणि कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. जून २०२१ मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आले. नेहा मात्र तिथं थांबली नाही. नवऱ्याबरोबर तिनं ऑसिलर ही दुसरी कंपनी सुरू केली. ऑनलाइन व्यवहारातली फसवणूक पकडायचं काम ती कंपनी करते.

आता आपलं बोलू. नेहाची हुशारी खरी, कष्टही खरे. पण आठव्या वर्षी घरात आलेला तो संगणकही तितकाच खरा. आपल्या घरात मोबाईल एकच असला, तर तो कुणाच्या हातात असतो? पोराच्या. पोरीनं मागितला तर म्हणतो, "आधी भांडी घास."

गटातून शेळीसाठी कर्ज देताना आपण फार विचार करत नाही. शेळी व्याली की पैसे फिटतात, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. मग एखादीनं लेकीच्या एमएससीआयटीच्या फीसाठी कर्ज मागितलं, तर "ती काय, लग्न करून जाणार" असं का म्हणायचं? शिकलेलं तिच्याबरोबरच जातं ना! ते कुणी काढून घेत नाही.

सगळ्याच काही अमेरिकेला जाणार नाहीत, जायचीही गरज नाही. पण येत्या बैठकीत हा एक विषय घ्या. मुलींच्या शिक्षणासाठी कर्ज द्यायचं की नाही, ते ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जीएमआरटीचं प्रदर्शन भरलं, की लेकीला घेऊन जा. तिला प्रश्न विचारू द्या. "गप बस" म्हणू नका.